ऐकणाऱ्याला दिसावं म्हणून

पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते तेव्हा माणूस आधी कानांनी तिथं पोहोचतो. दिग्रसकडून या नाहीतर मानोऱ्याकडून, गाव दृष्टीला पडायच्या आधी नगाऱ्याचा आवाज येतो. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं देऊळ यांमुळे बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. आज हे गाव वाशीम जिल्ह्यात आहे. माझ्या लहानपणी ते अकोला जिल्ह्यात होतं, कारण वाशीम वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. माझे वडील तिथं शाळामास्तर होते आणि त्यांच्याकडे चामडी पिशवीतला एक ट्रान्झिस्टर होता. त्याचा परवाना दरवर्षी पोस्टात जाऊन नवा करून आणावा लागे. ते काम माझ्याकडे असल्यामुळे त्या यंत्रावर आपलाही थोडा हक्क आहे, अशी माझी समजूत होती.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की तो ट्रान्झिस्टर ओसरीवर यायचा. विविध भारतीवर त्या वेळी ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ नावाचा कार्यक्रम लागे. कार्यक्रम इंग्रजीत, निवेदन शांत. शब्द मोजूनमापून आलेले. गावात इंग्रजी कळणारे दोघे-तिघेच, पण ऐकायला दहा-पंधरा माणसं जमत. त्यांत तांड्यावरचे एक म्हातारे गृहस्थ असत. आम्ही पोरं त्यांना बापू म्हणायचो. लहानपणी देवीच्या साथीत त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. यात्रेत नगारा वाजवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. क्रिकेट त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही चेंडूफळीपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं.

इंग्रजी मला शाळेत शिकवतात तेवढंच येत होतं. त्याच्या जोरावर मी बापूंसाठी दुभाष्याचं काम करी. ते एकेक प्रश्न विचारत. स्लिपमध्ये उभा राहणारा माणूस नेमका कुठं उभा राहतो? गली म्हणजे कुठली गल्ली? मला सांगता येईना. शेवटी मी ओसरीवर खडे मांडले. यष्टी म्हणून तीन काटक्या रोवल्या, फलंदाजाच्या जागी चिंचोका ठेवला आणि बापूंचा हात धरून एकेका खड्यावरून फिरवला. त्या दिवशी बापूंनी सहज बोलल्यासारखं सांगितलं की, रेडिओपुढं बसलेल्या मंडळींत आंधळा मी एकटा नाही. सामना तुमच्यापैकीही कोणाला दिसत नाही, सगळ्यांना तो एकच माणूस दाखवतो आहे. मंडळी हसली. मीही हसलो. ते वाक्य किती खोल होतं हे कळायला मला पुढं बँकेच्या खुर्चीत बसून एक चूक करावी लागली. ती गोष्ट पुढं येईलच. आधी त्या दाखवणाऱ्या माणसाविषयी सांगितलं पाहिजे.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत झाला. घराणं ठाकरसींचं, कापडगिरण्यांचं. ज्या घराण्याच्या देणगीमुळे महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं, तेच हे घराणं. मग ठाकरसींचे मर्चंट कसे झाले? शाळेत नाव घालताना मुख्याध्यापिका बाईंनी मुलाला नाव विचारलं आणि वडील काय करतात तेही विचारलं. वडिलांचा व्यवसाय व्यापार. बाईंचा घोटाळा झाला आणि व्यवसायच आडनाव म्हणून हजेरीपटावर चढला. मुलानंही ते कधी खोडलं नाही. पुढं त्याच आडनावानं धावफलक भरले.

सिडनहॅम कॉलेजमधून हा तरुण पुढं आला तो काळ सत्याग्रहाचा होता. १९३२ साली भारताचा संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला निघाला. गांधीजी आणि इतर पुढारी त्या वेळी तुरुंगात होते. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या काही खेळाडूंनी या दौऱ्यावर जायला नकार दिला. त्यांत एल. पी. जय होते आणि विशीतले मर्चंटही होते. कुठल्याही क्रिकेटपटूला जन्मभर पुरेल अशी संधी त्यांनी आपणहून सोडली. त्यांच्या बहिणीची, लक्ष्मीची, एक मजेदार हकिकत सांगतात. इंग्लंडच्या संघाच्या सह्या असलेली वही घेऊन ती गांधीजींकडे गेली. इंग्रज खेळाडूंची १६ नावं एका पानावर होती. गांधीजींनी त्यांच्याखाली १७ वा आकडा घालून सही केली आणि नकळत इंग्लंडच्या संघात जाऊन बसले!

संधी फिरून आली ती १९३३ च्या डिसेंबरात, मुंबई जिमखान्याच्या मैदानावर. भारतात खेळली गेलेली ही पहिली कसोटी. कर्णधार होते आपल्या नागपूरचे सी. के. नायडू. याच सामन्यात मर्चंट यांचं पदार्पण झालं. १९३६ साली मँचेस्टरला त्यांनी आणि मुश्ताक अली यांनी पहिल्या जोडीसाठी २०३ धावा केल्या. त्यांत मर्चंट यांच्या ११४ होत्या. एकीकडे मुश्ताक यांची उधळण, दुसरीकडे मर्चंट यांची काटकसर, असा तो संसार होता. पुढच्या वर्षी ‘विस्डेन’नं त्यांना वर्षातल्या पाच मानकऱ्यांत घेतलं. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात तर पावसापाण्याच्या त्या मोसमात त्यांनी २,३८५ धावा काढल्या.

मायदेशात त्यांची खरी जुगलबंदी रंगली ती आपल्या सांगलीच्या विजय हजारे यांच्याशी. १९४३ सालच्या पंचरंगी स्पर्धेत हजारेंनी २४८ केल्या, तर मर्चंटनी अंतिम सामन्यात नाबाद २५० करून ते मागं टाकले. त्याच सामन्यात हजारेंनी संघाच्या ३८७ पैकी एकट्यानं ३०९ काढून उत्तर दिलं. धर्मावर संघ पाडणारी ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली, ते बरंच झालं. पण या दोन विजयांच्या चुरशीच्या आठवणी म्हातारी माणसं पुढं कित्येक वर्षं सांगत. त्याच मोसमात मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा केल्या.

आकड्यांत सांगायचं तर प्रथम श्रेणीत १५० सामने, १३,४७० धावा, सरासरी ७१.६४. ब्रॅडमन यांच्या खालोखाल हे नाव येतं. रणजी सामन्यांतली सरासरी तर ९८.७५. आणि कसोट्या किती? फक्त १०. महायुद्धानं ऐन उमेदीची वर्षं खाल्ली, नंतर प्रकृतीनं ऑस्ट्रेलियाचा दौरा हुकवला. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीला, वयाच्या चाळिशीत, त्यांनी इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या. ही त्यांची सर्वोच्च कसोटी खेळी. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि ती शेवटचीच कसोटी ठरली. १८ वर्षांत १० कसोट्या मिळालेल्या माणसाला कुरकुर करण्याचा पुरेपूर हक्क होता. मर्चंट यांनी तो वेळ मायक्रोफोनपुढं घालवला.

आपल्याकडे रेडिओवरच्या क्रिकेट समालोचनाचा पाया १९३४ पासून ए. एफ. एस. तल्यारखान यांनी घातला. त्यांचा थाट राजेशाही होता. दिवसभर एकट्यानं बोलायचं, दुसऱ्याला माईक द्यायचा नाही. पुढं बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी हा खेळ मराठीत आणला आणि घराघरांत पोहोचवला. या दोन टोकांच्या मध्ये मर्चंट यांची पद्धत निराळी होती. फलंदाजी करताना जशी उगाच बॅट फिरवायची नाही, तसा बोलताना उगाच शब्द वापरायचा नाही. खेळलेला माणूस असल्यामुळे चेंडू कुठं गेला एवढ्यावर ते थांबत नसत, तो तिकडं का गेला हेही सांगत. ‘का’ कळलं की ऐकणाऱ्याला पुढचा चेंडू आपोआप दिसू लागतो.

मिश्कीलपणाही होता. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग या तरुण फलंदाजानं अर्धशतक केलं. चहापानाला परतताना प्रेक्षकांतून एक तरुणी धावत आली आणि तिनं त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. ६५ वर्षांपूर्वीच्या मुंबईत ही केवढी खळबळ! समालोचन मर्चंट करत होते. अशा प्रसंगी नीतीचं प्रवचन झोडणं सोपं होतं. त्यांनी मात्र, आपण शतकं आणि द्विशतकं काढत होतो तेव्हा या धाडसी मुली कुठं होत्या कोण जाणे, असा अचंबा व्यक्त केला. देशभरचे श्रोते हसले आणि खळबळ तिथंच विरली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. नव्या पोरांना घ्यायचं हा त्यांचा हट्ट होता. १९६९ च्या मोसमात विश्वनाथ, अशोक मांकड, चेतन चौहान आणि एकनाथ सोलकर पहिल्यांदा कसोटी खेळले. सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणारे. ज्या मैदानावर गिरणीमालकाचा मुलगा मोठा झाला, त्याच मैदानावरच्या माळ्याचा मुलगा त्याच्या अध्यक्षतेखाली भारताच्या संघात आला. १९७१ च्या जानेवारीत कर्णधार ठरवताना मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं पतौडींच्या जागी अजित वाडेकर आले. १९४६ साली थोरल्या पतौडींमुळे मर्चंट यांचं कर्णधारपद हुकलं होतं, त्याचा हा वचपा, असंही लोक बोलले. पुढं त्याच वर्षी वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवलं. ओव्हलची बातमी रेडिओवर आली त्या रात्री बापूंनी पोहरादेवीत यात्रा नसताना नगारा वाजवला होता. तेव्हा मी १३ वर्षांचा होतो.

इथपर्यंतचे मर्चंट पुष्कळांना ठाऊक असतात. ते मैदानाबाहेर काय करत होते, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

अंधांसाठी काम करणारी ‘नॅब’ ही संस्था मुंबईत १९५२ साली स्थापन झाली. तिच्या कार्याशी मर्चंट दीर्घकाळ जोडलेले होते. १९६८ साली मुंबईतच आणखी एक संस्था निघाली, अपंगांना समान संधी मिळावी म्हणून. ‘नॅशनल सोसायटी फॉर इक्वल ऑपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड’ असं तिचं लांबलचक नाव. तिच्या उभारणीत मर्चंट यांचा मोठा वाटा होता. नावातले शब्द नीट पाहा. दया नाही, मदत नाही, आश्रय नाही. समान संधी. तो काळ डोळ्यांपुढं आणा. अपंग माणूस म्हणजे देवळाच्या पायरीवर बसणारा, असं समीकरण पक्कं होतं. सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा ठेवायचं ठरलं ते १९७७ साली. संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं ते १९८१ साली. आणि आपल्या संसदेनं त्यांच्या हक्कांचा कायदा केला तो तर १९९५ साली. मर्चंट यांनी या सगळ्याच्या आधी आपल्या गिरण्यांमध्ये अपंगांना कामावर घेतलं होतं. भाषण देणारा माणूस पगार देतो तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन येतं, हे मी बँकेतल्या अनुभवानं सांगू शकतो.

आता माझी चूक सांगतो. १९८६ साली मी पश्चिम विदर्भातल्या एका गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. एक दिवस बावीस-तेवीस वर्षांचा अंध मुलगा काठी टेकत माझ्या टेबलापाशी आला. शहरात राहून तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला होता. वेत आणि हत्यारं घ्यायला त्याला दोन हजार रुपये हवे होते. चार टक्के व्याजाची डीआरआय योजना १९७२ पासून चालू होती आणि अपंगांसाठी तिच्यात स्पष्ट तरतूद होती. तारण नको, जामीनदार नको. मला नियम पाठ होता. तरीही मी त्याला दोन जामीनदार आणायला सांगितलं. कारण साधं होतं. त्याची बोटं काय करू शकतात याचा मी विचारच केला नाही. फक्त त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. काठीनं दार शोधत गेला. आणि ज्या खुर्चीत बसून मी हे सांगितलं, तिचा वेत मध्यभागी फाटलेला होता. ती विणून घ्यायला आम्ही पुढच्या महिन्यात अकोल्याहून माणूस बोलावला.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत विजय मर्चंट गेले. वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचं. धावा, शतकं, सरासरी वाचत मी खाली आलो तो अंधांसाठी केलेल्या कामाचा उल्लेख दिसला. वर्षानुवर्षं ज्यांचा आवाज ऐकला, त्यांच्या आयुष्याची ही बाजू मला तोवर ठाऊक नव्हती. ओसरी आठवली. खडे आठवले. बापूंचा माझ्या हातातला हात आठवला. तेराव्या वर्षी जे मला सुचलं होतं, ते पदवी आणि पगार हाती आल्यावर सुचलं नव्हतं. ओसरीवर मी बापूंसाठी खेळ मांडून दाखवायची वाट शोधली होती. बँकेत मी वाट असताना दार लावलं होतं.

त्या रविवारी एसटीनं मी त्या मुलाच्या गावी गेलो. घरचे म्हणाले, तो वर्षापूर्वीच मुंबईला गेला; पत्ता त्यांच्याकडेही नव्हता. तो मला पुन्हा भेटला नाही. त्याचं बरं झालं असेल असं मी स्वतःला सांगत आलो, पण त्यात माझा काही वाटा नव्हता, हे तेवढंच खरं. त्यानंतरच्या नोकरीत असे अर्ज मी स्वतःच्या हातानं भरून घेत असे. जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं की दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यांपैकी कशासाठीही नाकारू नये. ते मी शाखेत सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. कशासाठी एवढं, असं तरुण सहकाऱ्यांना वाटलं असेल. मी कारण सांगितलं नाही. आज इथं लिहितो आहे.

मर्चंट यांना आणि बापूंना, दोघांनाही आवडली असती अशी एक गोष्ट त्यांच्यानंतर घडली. १९९० साली दिल्लीत अंधांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९९८ साली तिथंच अंधांचा पहिला विश्वचषक झाला. या खेळातला चेंडू पोकळ असतो, आत छर्रे घातलेले असतात आणि तो जमिनीलगत, खळखळत येतो. फलंदाज तो कानांनी पाहतो. आज सोळा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा मर्चंट यांच्या नावानं भरते. त्या स्पर्धेतल्या किती मुलांना त्यांच्या दुसऱ्या कामाची कल्पना असेल, कोण जाणे.

गेल्या रामनवमीला नातवाला घेऊन पोहरादेवीला निघालो होतो. गाडीत मागच्या सीटवर तो मोबाइलवर सामना पाहत होता. मी पुढं बसलेलो. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, चौकार. कुठं गेला चेंडू? तो थांबला. त्यानं पाहिलं होतं, पण सांगता येईना. मग त्यानं तो चेंडू पुन्हा लावून पाहिला आणि हळूहळू सांगू लागला, की गोलंदाज डावीकडून आला, चेंडू थोडा आखूड पडला, फलंदाज मागं सरकला. सांगता सांगता तो स्वतःच पहिल्यांदा नीट पाहत होता. दिग्रस मागं पडलं होतं. मी काच खाली केली. लांबून नगारा ऐकू येत होता.